वर्गात भेदभाव होऊ नये म्हणून सहावी ते आठवीच्या शिक्षकांची तयारी कशी करून घ्यायची

केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत (शिक्षकांच्या बैठकीत) एक तास मागून घ्या, पण भाषण नको. आधी प्रत्येकाला आपल्याच वर्गाचा नकाशा काढायला लावा, मागच्या बाकावर कोण बसतं, झाडू कुणाला मारायला सांगतो, उत्तर कुणाला विचारतच नाही. हे कागदावर दिसलं ना की माणूस गप्प होतो, मी स्वतः झालोय.

मग भाषा, आपल्याकडे हाच मोठा मुद्दा आहे. पोरगं "माले येत नही" म्हणालं तर आधी त्याचं ऐका, मग प्रमाण मराठी शेजारी लिहा, चूक म्हणून लाल पेन मारू नका. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव अक्कलकुव्याकडे पावरी, भिली बोलणारी पोरं असतात, तिथल्या शिक्षकांनी निदान 50 शब्द पोरांकडूनच शिकावेत, खरंच फार फरक पडतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या पोरांना शिक्षण हमी कार्ड (दुसऱ्या गावी गेल्यावर तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून शाळा देते ते) देताय का तेही बघा.

कायदापण वाचून घ्या, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा 2009, त्याच्या कलम 17 मधे मारण्यासोबत मानसिक छळही बंद आहे, म्हणजे जातीवरून, गरिबीवरून टोमणे मारणं चालणारच नाही. पुढच्या महिन्यात तोच नकाशा परत काढायला लावा.