गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी करायला जाताना

तायांनो, मी लालबागच्या चाळीत राहते. ४१व्या वर्षी, कसलाही त्रास नसताना, पॅप तपासणीत (पेशींचा नमुना घेऊन पाहतात ती) पिशवीच्या तोंडाशी बदललेल्या पेशी सापडल्या. सीआयएन ३, म्हणजे कॅन्सरच्या आधीची पायरी. इथे बहुधा काहीच दुखत नाही, म्हणून दुखण्याची वाट पाहू नका.

तारीख पाळी संपल्यानंतरची घ्या. आधीचे दोन दिवस संबंध टाळा, योनीत क्रीम-गोळी ठेवू नका, आतून धुऊ नका. नमुना घ्यायला काही मिनिटंच लागतात.

आणखी एका प्रकारच्या तपासणीत पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावतात. बदललेला भाग पांढरा दिसतो. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांत ही तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून करवली, तेव्हा तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

या कॅन्सरचं मूळ कारण एचपीव्ही, शरीरसंबंधातून येणारा विषाणू. एकाच जोडीदारापासूनही येतो, तेव्हा कुणीच लाजू नये. बहुतेकींचं शरीर तो दोनेक वर्षांत घालवतं. विडी-सिगारेट, एचआयव्ही, जास्त बाळंतपणं यांनी धोका वाढतो.

सीआयएन १, म्हणजे सौम्य बदल असला तर डॉक्टर बहुधा फक्त लक्ष ठेवतात. माझा मात्र बदललेला भाग काढला, संध्याकाळी घरी आले. पुढची तारीख गणपतीनंतरची. कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवलीय.