परसातील रातांबा: जूनच्या लागवडीपूर्वी नर-मादीचा विचार करावा

कोकमाची, म्हणजे रातांब्याची, नर आणि मादी झाडे वेगळी असतात आणि बियांपासून वाढवलेले रोप नर की मादी हे फुलोरा येईपर्यंत, म्हणजे सहा ते आठ वर्षे, कळत नाही. परसात जेमतेम एक-दोन झाडांची जागा असताना असे रोप लावून इतकी वर्षे वाट पाहणे परवडत नाही. म्हणून खात्रीच्या रोपवाटिकेतून मादी झाडाचे मृदुकाष्ठ कलमच (रोपाच्या कोवळ्या खोडावर मादी झाडाची काडी बांधून केलेले) घ्यावे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 1997 मध्ये ‘कोकण अमृता’ आणि पुढे मोठ्या फळांची ‘कोकण हातिस’ ही जात प्रसारित केली आहे.

कलम घेताना त्याची काडी कोणत्या फांदीची आहे हेही विचारून घ्यावे, कारण सरळ वाढणाऱ्या शेंड्याच्या काडीचे कलम उभे वाढते, तर आडव्या फांदीच्या काडीचे कलम जमिनीलगत पसरते आणि अंगणातली वाट अडवते. वाडीत जुने नर झाड असेल तर ते निरुपयोगी समजून तोडू नये. परागीकरणासाठी साधारण दहा माद्यांमागे एक नर असावा लागतो.

मे महिन्यात 60 सेंमी लांब, रुंद व खोल खड्डा खणून तो चांगली माती, कुजलेले शेणखत आणि एक किलो सिंगल सुपर फॉस्फेट यांनी भरून ठेवावा व पावसाने जमीन नीट भिजल्यावर कलम लावावे. कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. जोडाखालून फुटणारे धुमारे दिसताक्षणी काढावेत. ते खुंटाचे, म्हणजे ज्यावर कलम बांधले त्या मूळ रोपाचे असतात, आणि दुर्लक्ष झाले तर कलम मरून खुंटच वाढतो, हे वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातही येत नाही. पहिल्या वर्षी दोन किलो शेणखत आणि सुमारे 110 ग्रॅम युरिया पुरे होतो.

पाऊस ओसरल्यावर बुंध्याभोवती वाळल्या गवताचे आच्छादन करावे, मात्र जांभ्या जमिनीत वाळवी असल्यास ते खोडाला भिडू देऊ नये. पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी आणि वरून झावळांची सावली द्यावी; मोठ्या झाडाला सहसा पाण्याची गरज भासत नाही. आमसुलांसाठी जात निवडताना फळे पावसाआधी तयार होतात का, हे जरूर पाहावे, कारण पावसात सापडलेली फळे कुजतात आणि सोलेही (फळांच्या साली) उन्हात वाळत नाहीत.