घरकामाची वाटणी मोजायची कशी?

घरातले काम कोण किती करते, हे नुसते विचारून कळत नाही. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पतिपत्नींना घरातल्या कामांतला आपापला वाटा स्वतंत्रपणे विचारला, तेव्हा बहुतेक जोडप्यांत दोघांच्या उत्तरांची बेरीज पूर्णाहून अधिक भरली. यात कोणी मुद्दाम खोटे बोलते असे नाही. स्वतः केलेले काम सहज आठवते, दुसऱ्याचे तितके आठवत नाही. म्हणून कुटुंबाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने, तसेच आपल्या घरातली वाटणी समजून घेऊ पाहणाऱ्या जोडप्यानेही, अंदाजावर न राहता वेळेची नोंदवही ठेवावी.

नोंद पहाटे ४ वाजता सुरू करून दुसऱ्या दिवशी पहाटे ४ वाजता संपवावी. अनेक देशांच्या वेळ-वापर सर्वेक्षणांत हीच प्रथा आहे, कारण त्या वेळी बहुतेक माणसे झोपेत असतात आणि एखादे काम दोन दिवसांत तुटण्याची शक्यता कमी राहते. दिवसाचे दहा किंवा पंधरा मिनिटांचे भाग पाडावेत. प्रत्येकाने आपली नोंद स्वतःच्या हाताने, त्याच दिवशी आणि दुसऱ्याची न पाहता करावी. शेवटी बेरीज १,४४० मिनिटे आली पाहिजे. ती येत नसेल, तर एखादे काम निसटले आहे किंवा दोनदा धरले गेले आहे. किमान एक कामाचा आणि एक सुट्टीचा दिवस घ्यावा.

मुख्य कामाच्या रकान्याशेजारी त्याच वेळी चाललेल्या दुसऱ्या कामासाठी रकाना हवाच, आणि याबाबत तडजोड करू नये, असे माझे ठाम मत आहे. स्वयंपाक करताना मुलावर लक्ष ठेवणारी व्यक्ती केवळ ‘स्वयंपाक’ असे लिहिते आणि सांभाळण्याचे तास हिशेबातून नाहीसे होतात. हे दुय्यम काम १,४४० मिनिटांत मिळवू नये, त्याची बेरीज वेगळी मांडावी.

वर्गीकरणासाठी संयुक्त राष्ट्रांच्या २०१६ च्या पद्धतीचा आधार घेता येतो. तीत नऊ मुख्य विभाग असून कुटुंबासाठीचे विनामोबदला घरकाम आणि विनामोबदला देखभाल यांना दोन स्वतंत्र विभाग दिले आहेत.

मिनिटे समान भरली म्हणजे भार समान झाला, असा निष्कर्ष मात्र घाईने काढू नये. जेवण वेळेवरच लागते, दुरुस्ती सुट्टीपर्यंत थांबू शकते. ठरल्या वेळीच करावी लागणारी कामे आणि सवडीने करता येणारी कामे वेगळ्या खुणांनी दाखवली, की कोणाचा दिवस कामाच्या वेळापत्रकाने बांधलेला आहे ते स्पष्ट दिसते. विश्रांतीचेही तसेच आहे: सलग दोन तास मोकळे मिळणे आणि तेच दोन तास आठ तुकड्यांत मिळणे यांत फार अंतर आहे.

याउपरही एक प्रकारचे काम नोंदवहीत उतरत नाही. समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डेमिंगर यांनी २०१९ मध्ये घरातल्या वैचारिक श्रमाचे चार टप्पे मांडले: गरज आधीच ओळखणे, पर्याय शोधणे, निर्णय घेणे आणि पुढे लक्ष ठेवणे. त्यांना असे आढळले की निर्णय बहुधा दोघे मिळून घेतात, पण गरज ओळखणे आणि लक्ष ठेवणे हे स्त्रियांकडे अधिक असते. हे तपासण्यासाठी आठवड्यात पूर्ण झालेली पाचसहा कामे निवडावीत, उदाहरणार्थ मुलाची वैद्यकीय तपासणी, आणि प्रत्येकाचा माग उलट दिशेने काढावा: ही वेळ जवळ आली आहे हे प्रथम कोणाच्या लक्षात आले, चौकशी कोणी केली, ठरवले कोणी, आणि पुढची तारीख आता कोणाच्या डोक्यात आहे? ‘सांगितले असते तर केले असते’ असे उत्तर आले, तर तेही जसेच्या तसे लिहून ठेवावे, कारण सांगणे हे वेगळे काम आहे.

तुलना करताना पगारी आणि विनामोबदला कामाची बेरीज दोघांसाठी समोरासमोर मांडावी. एकट्या घरकामाचे आकडे पाहिले तर बाहेर दीर्घ तास काम करणाऱ्यावर अन्याय होतो आणि एकट्या नोकरीचे पाहिले तर घर सांभाळणाऱ्यावर. पहिले मूल, नोकरीतला बदल किंवा घरातल्या कोणाचे दीर्घ आजारपण यानंतर नोंद पुन्हा करावी. विशेषतः पहिल्या मुलाच्या जन्मानंतर पूर्वीची समान वाटणी अनेक घरांत स्त्रीकडे झुकते, त्यामुळे जन्मापूर्वीची नोंद जपून ठेवली असेल तर नेमके कोणते काम कोणाकडून कोणाकडे गेले ते दाखवता येते.