जाळं भरलं म्हणून समुद्र बरा आहे असं समजू नका: कमी ऑक्सिजनच्या पाण्याबद्दल या चुका टाळा

गणेश पेठेतल्या मासळी बाजाराची आवक दर आठवड्याला पेपरात येते. खोल समुद्रातली इतके टन, खाडीची इतकी, नदीची इतकी, आंध्रातून रहू-कतला-सिलन इतके. मी पुण्यात पर्यावरणशास्त्र शिकवतो, पण आजोळ हर्णैचं. त्यामुळे ही चौकट मी राशिभविष्याच्याही आधी वाचतो.

मागे एक विद्यार्थी हेच कात्रण घेऊन आला. "सर, सप्टेंबरात आवक वाढलीय. म्हणजे अरबी समुद्रात ऑक्सिजन कमी होतो म्हणतात ते खोटंच ना?"

खोटं नाही. पण या एका प्रश्नात निदान तीन चुका होत्या, आणि त्या त्याच्या एकट्याच्या नाहीत. मीही केल्यात. म्हणून हे लिहायला घेतलं.

मेलेले मासे शोधत बसणं

मुठेकाठी राहणाऱ्याला ऑक्सिजन संपणं म्हणजे काय ते डोळ्यांनी माहीत असतं. वळवाचा पहिला जोरदार पाऊस पडतो, नाल्यांत साठलेली घाण एका रात्रीत नदीत येते आणि सकाळी पुलाखाली चिलापी उलट्या होऊन तरंगताना दिसते. तेच चित्र डोक्यात ठेवून आपण समुद्राकडे जातो आणि किनाऱ्यावर मेलेले मासे नाहीत म्हणजे सगळं ठीक, असं ठरवून मोकळे होतो.

नदीतल्या माशाला वर बंधारा, खाली बंधारा; तो जाणार कुठे? समुद्रातला मासा निघून जातो. एका लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या खाली ऑक्सिजन गेला की अभ्यासक त्या पाण्याला ऑक्सिजन-टंचाईचं पाणी म्हणतात, पण बरेच मासे त्याच्या कितीतरी आधी काढता पाय घेतात. मागे राहतात ते तळातले शिंपले, गाळातले किडे, आणि माणसाने अडकवून ठेवलेले जीव. अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यावर २००२ साली हे पाणी वर आलं तेव्हा खेकड्यांचे पिंजरे मेलेल्या खेकड्यांनी भरून निघाले होते. पिंजरा किंवा तळाची जाळी लावून दोन-दोन दिवस तशीच ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. समुद्रात पिंजऱ्यातलं मत्स्यपालन करायला निघालेल्यांनी तर आधी जागेचं तळाचं पाणी ऑक्टोबरात तपासावं, मग कर्जाचे कागद करावेत.

भरलेल्या जाळ्यावर विश्वास ठेवणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून इथे जरा थांबतो.

नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत आपल्या पश्चिम किनाऱ्याला खोलवरचं थंड पाणी उथळ भागाकडे चढतं. त्यात ऑक्सिजन मुळातच कमी. वरून नद्यांचं आणि पावसाचं गोडं पाणी येतं, ते हलकं असल्यामुळे झाकणासारखं पसरतं. झाकणाखाली हवा मिसळत नाही. वरच्या थरातलं मेलेलं शेवाळ खाली पडून कुजतं आणि उरलासुरला ऑक्सिजन खातं. सप्टेंबर-ऑक्टोबरात ही अवस्था टोकाला जाते. महाराष्ट्रातली मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै. म्हणजे नारळी पौर्णिमा करून बोटी जोमात निघतात तेव्हा खालचं पाणी दिवसेंदिवस वाईट होत चाललेलं असतं.

आता तळाजवळच्या मासळीने काय करावं? कोळंबी, राणी मासा, ढोमा, लेपा यांची जागाच तळाची. ती उथळ पाण्याकडे सरकते, नाहीतर कडेच्या बऱ्या पाण्यात गर्दी करते. कार्ल बान्से या शास्त्रज्ञाने कोचीनच्या समोर १९५० च्या दशकाच्या शेवटीच हे नोंदवलं होतं: कमी ऑक्सिजनचं पाणी तळावर पसरलं की तिथल्या ट्रॉलच्या, म्हणजे तळावरून ओढायच्या, जाळ्यातून मासळी गायब. मासळी संपली नव्हती, हलली होती. पण जी कडेला कोंडली, ती ज्याच्या जाळ्यात सापडली त्याची चांदी. तो धक्क्यावर सांगणार, यंदा समुद्र दिलदार आहे.

मोकळ्या पाण्यातल्या मोठ्या माशांचंही असंच. कुपा म्हणजे ट्यूना, तलवारीसारख्या तोंडाचे मोठे मासे, यांना भरपूर ऑक्सिजन लागतो. खालचा थर बिघडला की एरवी खोल बुड्या मारणारे हे मासे वरच्या पातळ थरात दाटीने राहतात. अटलांटिकमध्ये त्यांना खुणेची यंत्रं लावून हे पाहिलं गेलंय. थर पातळ, मासे तेवढेच, गळ तिथेच. फेरीमागे मिळणारी मासळी वाढते आणि कागदावर साठा सुधारल्यासारखा दिसतो. एसटी स्टँडवर पाऊस आला की सगळे शेडखाली येतात, तेव्हा शेडखालची डोकी मोजून पुण्याची लोकसंख्या काढण्यासारखं आहे हे.

आणि बोंबील. याच्या अंगात इतकं पाणी की त्याला फार ऑक्सिजन लागत नाही. चीनच्या किनाऱ्यावर अलीकडे बोंबील प्रचंड वाढल्याचं दिसलं, तेव्हा अभ्यासकांनी बोट दाखवलं ते ऑक्सिजन घटल्याकडे. एकाच जातीचा ढीग वाढतोय आणि बाकीच्या टोपल्या रिकाम्या होतायत, असं दिसलं तर बोंबील स्वस्त झाला म्हणून नाचू नये. (स्वस्त झाला तर घ्यावा जरूर. तळलेल्या बोंबलाशी माझं भांडण नाही.)

म्हणून आवक वाचताना टनांबरोबर चार प्रश्न विचारा: किती वावांवरची (वाव म्हणजे सुमारे सहा फूट खोली)? कोणत्या जाळ्याची? कोणती जात? किती तास बोट फिरली? पुण्यातला भाव तर याहून कच्चा पुरावा. गटारीच्या आधी तो चढतो, श्रावणात पडतो, आणि खंबाटकीत ट्रक अडकला तरी हलतो.

दोष मुठेवर टाकणं, आणि त्याउलट, कोणावरच न टाकणं

"आपलं सांडपाणी समुद्रात जातं ना, सर!" पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत, आधी उजनीत साठून, मग कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातं. अरबी समुद्राच्या बाबतीत तरी पुणेकर निर्दोष आहेत, आणि असं वाक्य लिहायची संधी फार वेळा येत नाही.

मेक्सिकोच्या आखातातला मृत पट्टा हा मिसिसिपीतून येणाऱ्या शेतातल्या खतांचा. तिथे २०१७ साली तो २२ हजार चौरस किलोमीटरच्या पुढे गेला होता. आपल्याकडचं मूळ कारण वेगळं. अरबी समुद्रात साधारण १५० ते १,००० मीटरच्या दरम्यान जगातल्या सर्वांत जाड ऑक्सिजन-तुटीच्या थरांपैकी एक आहे, आणि तो माणसाने बनवलेला नाही. या थराचं पाणी मुंबईसमोर किनाऱ्याकडे चढतं आणि मासेमारीवर परिणाम करतं, हे १९५९ साली 'नेचर'मध्ये छापून आलं होतं.

मग निसर्गाचंच आहे, सोडा? तेही नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० साली दाखवलं की आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा हा हंगामी पट्टा सुमारे १ लाख ८० हजार चौरस किलोमीटरचा आहे आणि त्याची तीव्रता वाढतेय. किनाऱ्यावरून येणारं नत्र त्यात भर घालतं. शिवाय पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि वरखाली मिसळणं मंदावतं. जगभरच्या समुद्रांनी १९६० पासून २ टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन गमावलाय. आधीच तुटीत असलेल्या घरात पगारकपात झाली की काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

हिरवा नकाशा पाहून बोट हाकणं

हैदराबादच्या 'इन्कॉइस' या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राकडून मासेमारीच्या संभाव्य जागांची सूचना येते. ती उपयोगी आहे, डिझेल वाचतं. पण ती उपग्रहाने पाहिलेल्या पृष्ठभागाच्या तापमानावर आणि हरितद्रव्यावर बेतलेली असते. पंधरा वाव खाली काय चाललंय ते उपग्रहाला दिसत नाही. पाणी हिरवंगार असेल तर कुजायला मालही तेवढाच खाली जाणार. बांगडा-तारलीसाठी त्या जागेवर खुशाल जा. तळाच्या ट्रॉलसाठी तीच जागा ऑक्टोबरात फसवू शकते.

मोजताना होणारे घोळ

हे माझ्या विद्यार्थ्यांसाठी, आणि हौसेने ऑक्सिजन-मीटर विकत घेणाऱ्यांसाठी.

पहिल्या वर्षी आम्ही मामाच्या बोटीवरून बादलीने पाणी काढलं. बादलीतलं पाणी वरचं, त्यात वर काढताना हवा मिसळलेली. आकडा झकास आला. दुसऱ्या वर्षी दोरीवर वजन सोडून खोलीवर बंद होणारी बाटली मिळवली, तळाचं पाणी आणलं, बर्फात ठेवून ताम्हिणीमार्गे पुण्याच्या प्रयोगशाळेत पोचवलं. तोवर बाटलीतले सूक्ष्म जीव आठ तास आरामात श्वास घेत होते. आकडा भयंकर आला. दोन्ही वर्षांचं काम वाया.

नमुना बोटीवरच पक्का करायचा, म्हणजे त्यातला ऑक्सिजन रसायनांनी तिथेच बांधून टाकायचा. विंकलरची रीत १८८८ सालची, पण अजून चोख. रबरी नळी काचेच्या बाटलीच्या बुडाशी न्या, पाणी हळू सोडा, बाटलीच्या दोन-तीन पट वाहू द्या, बुडबुडा एकही नको. मग मँगनीज सल्फेट, मग अल्कली आयोडाइड, पिपेटचं टोक पाण्याखाली धरून. बूच लावा, उलटसुलट करा. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो. नसेल तर पांढराच राहतो. पुढचं अनुमापन, म्हणजे थेंबाथेंबाने रसायन घालून ऑक्सिजन मोजणं, संध्याकाळी, अंधारात ठेवलेल्या बाटल्यांवर, चालतं. ऑक्सिजन-तुटीच्या पाण्यात नायट्राइट असतं आणि ते आकडा फुगवतं, म्हणून ॲझाइडवालं अभिकर्मक वापरा.

मीटर असेल तर त्यात पाण्याचा खारटपणा भरा. तो शून्यावर ठेवून समुद्रात बुडवला तर मिलिग्रॅमचा आकडा सुमारे २० टक्के जास्त दिसतो. एकक पाहा: १ मिलिलिटर ऑक्सिजन म्हणजे १.४३ मिलिग्रॅम. जुन्या निबंधातले १.४ आणि नव्यातले २ हे एकच आहेत, यावरून आमच्या वर्गात अर्धा तास वाद झाला होता.

तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरात आम्ही नीट केलं. डेकवर दोन बाटल्या शेजारी ठेवल्या. वरच्या पाण्याची चहासारखी तपकिरी, पंधरा वावांवरची दुधाळ, कशीबशी पिवळट. मामा हात पुसत आला, दोन्ही उचलून उजेडात धरल्या.

"हे पांढरं खालचं?"

"हो मामा."

"आणि इथे आपण गेल्या आठवड्यात ट्रॉल ओढला दोन तास." थोडं थांबून म्हणाला, "तुझं ते मीटर जाळ्याला बांधता येतं का रे?"

येतं. ओरेगॉनचे खेकडेवाले आपल्या पिंजऱ्यांना असे सेन्सर बांधतात. मामाला तसं सांगितलं, तर त्याने लगेच किंमत विचारली, ऐकली, आणि तांडेलाला बोट सहा वावांकडे वळवायला सांगितलं.