एकच इअरबड वाजतोय? आधी पिना पुसा, मग रिसेट

मालवणात पाऊस लागला की माझा डावा इअरबड संपावर जातो. डबीत रात्रभर ठेवला तरी चार्ज नाही, उजवा एकटाच गात बसतो. दुकानदार म्हणाला, नवीनच घ्या. गरज पडली नाही.

डबीच्या खळग्यात टॉर्च मारून बघा. घाम आणि खारी हवा मिळून पिनांवर हिरवट-काळपट थर बसलेला असतो. कान कोरायच्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब लावा (मेडिकलमध्ये मिळतं) आणि डबीतल्या पिना, बडवरचे धातूचे ठिपके हलक्या हाताने पुसा. टाचणीने खरवडू नका, पिना वाकतात. दहा मिनिटं वाळू द्या.

मग रिसेट:

१. फोनच्या ब्लूटूथ यादीतून बडचं नाव काढून टाका. घरातल्या टीव्हीला, दुसऱ्या फोनला जोडले असतील तर तिथूनही. ही पायरी सगळे गाळतात आणि मग बड गुपचूप टीव्हीला जाऊन चिकटतात.

२. दोन्ही बड डबीत, झाकण उघडं. डबीवरचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरा, साधारण १० ते १५ सेकंद. बटणच नसेल तर सोबतचा कागद बघा, प्रत्येक मॉडेलची तऱ्हा वेगळी.

३. नव्याने जोडा.

बड भिजले असतील तर ओलेच डबीत टाकू नका. पुसून पंख्याखाली ठेवा. तांदळाच्या डब्यात तर नकोच, कोंडा जाळीत जाऊन बसतो.