हार्ड कार्बन थंडीत का बसतो आणि काय करायचं

पुण्यातल्या गारठ्याने सोडियम-आयन सेलचं फार काही बिघडत नाही, खरी परीक्षा लडाखसारख्या ठिकाणी उणे २० अंशांना होते, तिथे सेलचा ऋण इलेक्ट्रोड, म्हणजे हार्ड कार्बन (ग्राफाइटसारखे नीट थर नसलेला कार्बन), बसतो, म्हणजे कपॅसिटी कमी देतो. आयसर पुणे ही संशोधन संस्था आणि केपीआयटी ही कंपनी यांची सोडियम-आयन टेक्नॉलॉजी २०२३ मध्ये जाहीर झाली, तेव्हापासून ज्यांना या विषयात हात घालावासा वाटतोय त्यांच्यासाठी हे.

आधी एक कळकळीची विनंती, लगेच कार्बन बदलायला धावू नका. हाफ सेलमध्ये (एकच इलेक्ट्रोड तपासायचा टेस्ट सेल) कार्बनसमोर सोडियम मेटल असतं आणि थंडीत त्याचाच रेझिस्टन्स जाम वाढतो. हार्ड कार्बनचा प्लॅटो (भरताना व्होल्टेज जवळपास स्थिर राहतं तो सपाट भाग) ०.१ व्होल्टच्या आसपास, त्यामुळे जरा पोलरायझेशन (रेझिस्टन्समुळे होणारी व्होल्टेजची घट) वाढलं की सेल शून्य व्होल्टचा कटऑफ गाठतो आणि कपॅसिटी गेली असं वाटतं, खरं तर कार्बन पूर्ण भरलेलाच नसतो. म्हणून थ्री-इलेक्ट्रोड सेल (तिसरा रेफरन्स इलेक्ट्रोड असलेला) लावा, किंवा अर्धे भरलेले दोन कार्बन इलेक्ट्रोड समोरासमोर ठेवून इम्पीडन्स (एसी करंटला होणारा विरोध) मोजा. दोष कुणाचा ते तिथे कळतं.

मग इलेक्ट्रोलाइट, माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. ईसी (इथिलीन कार्बोनेट, नेहमीचं सॉल्व्हंट) तर ३६ अंशाखाली घट्ट होतं, डायग्लाइम हे ईथर उणे ६४ पर्यंत द्रव राहतं आणि त्यात एसईआय (कार्बनवर बनणारा संरक्षक थर) पातळ बनतो. फक्त ईथर हाय व्होल्टेज कॅथोडसमोर टिकत नाही, ३.४ व्होल्टच्या एनव्हीपी (सोडियम व्हॅनेडियम फॉस्फेट) कॅथोडबरोबर चालतं.

आता कार्बन. तो बनवायला उसाचं बगॅस (चोथा) आपल्याकडे भरपूर, पण त्यात सिलिका असते, ती नुसत्या हायड्रोक्लोरिक अॅसिडने जात नाही, कॉस्टिकनेही (सोडियम हायड्रॉक्साइड) धुवावं लागतं, आणि मग पाणी न्यूट्रल येईपर्यंत धूत राहायचं. भट्टीचं तापमान १४०० ऐवजी ११०० ठेवलं तर प्लॅटो कमी होऊन स्लोपची (प्लॅटोच्या वरचा उतरता भाग) कपॅसिटी वाढते, ती वरच्या व्होल्टेजला असल्याने थंडीत तग धरते, पण पहिल्या सायकलची एफिशियन्सी (भरलेल्यातलं परत किती मिळतं) पडते. पूर्ण सेलमध्ये वाया जाणारं तेवढं सोडियम कॅथोडमधूनच जातं, त्यामुळे मी तरी १२०० पासून सुरू करेन. कण बारीक, कोटिंग पातळ.

टेस्ट करताना आधी रूम टेम्परेचरला चार्ज करून थंडीत डिस्चार्ज बघा, थंडीतलं चार्जिंग वेगळं आणि अगदी कमी करंटला, नाहीतर कार्बनवर सोडियमचा थर चढतो. आणि पावसाळ्यात थंड चेंबरमधून काढलेल्या कॉइन सेलवर (बटणासारखा छोटा टेस्ट सेल) लगेच दव धरतं, सिलिका जेल टाकलेल्या झिपच्या पिशवीतच तो रूम टेम्परेचरला येऊ द्या, मगच होल्डरला लावा.