लिनक्स क्लस्टरला विंडोज संगणक जोडताना
महापे येथील आमच्या कार्यालयात रात्री रिकामे राहणारे विंडोज संगणक लिनक्स क्लस्टरला (एकत्र काम करणाऱ्या लिनक्स संगणकांच्या समूहाला) जोडायचे ठरले, तेव्हा आम्ही मोकळ्या संगणकांना कामे वाटून देणारे एचटीकॉन्डोर हे सॉफ्टवेअर निवडले, कारण स्लर्म हे त्याच प्रकारचे दुसरे सॉफ्टवेअर विंडोजवर थेट चालत नाही. मध्यवर्ती सर्व्हर लिनक्सवरच ठेवावा आणि फायरवॉलमध्ये एचटीकॉन्डोर संपर्कासाठी वापरते ते ९६१८ क्रमांकाचे पोर्ट खुले करावे. खरी मेख पुढे आहे: लिनक्सवरून पाठवलेला जॉब (संगणकाला दिलेले काम), त्याच्या अटींमध्ये ‘ऑपसिस’ (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम) विंडोज असल्याचे स्पष्ट लिहिल्याशिवाय, विंडोजकडे जातच नाही; रांग तुंबलेली आणि नवे संगणक मात्र मोकळे, असे चित्र दिसते. अर्थात, त्या जॉबसाठी विंडोजवर चालणारी एक्झी फाइलही वेगळी बनवावी लागते. संगणकांची स्लीप सेटिंग आधीच बंद करावी. आमचा एक जॉब पहाटेपर्यंत त्यापायीच अडकला होता.